बाबांचा महिना

धाकट्याला ऑफिसातली पोरं पाठीमागे सिंककाका म्हणायची. त्याला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर रागही येत नव्हता. राग यायलासुद्धा अंगात जरा जोर लागतो. तो गेल्या दोन-तीन वर्षांत कुठे गेला कोण जाणे. सकाळी लिफ्टच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं की तो मान खाली घालायचा आणि मजला येईपर्यंत बुटांकडे बघत राहायचा.

सिंक म्हणजे काय, हे त्याने आयुष्यभर लोकांना समजावलं. लग्न ठरताना सासऱ्यांना समजावलं, दवाखान्यात रक्तदाब मोजणाऱ्या नर्सला समजावलं. तुमच्या फोनवर एक गोष्ट लिहिली, ती माझ्या फोनवर दिसली पाहिजे. मी तिच्यात बदल केला, तो तुमच्याकडे आला पाहिजे. मध्येच रेंज गेली, फोन बंद पडला, माणूस बोगद्यात शिरला, तरी काही हरवता कामा नये. बस, एवढंच. "एवढंच?" सासरे म्हणाले होते. त्या एवढ्याशासाठी जावयाच्या डोक्यावरचे केस गेले.

फोनचा पडदा काडेपेटीएवढा होता तेव्हाची गोष्ट. औषधांचे विक्रेते दुकानोदुकानी फिरून फोनवर ऑर्डर भरायचे. रेंज गेली की पडद्यावर चक्र फिरत बसायचं आणि माणूस काउंटरला टेकून उभा. धाकटा एका विक्रेत्याबरोबर दिवसभर हिंडला आणि संध्याकाळी साहेबांना म्हणाला, याला आपण ताटकळत का ठेवतोय? आधी हिरवी टिक दाखवू. 'झालं' म्हणू. पाठवायचं काय ते फोन मागाहून बघेल, रेंज येईल तेव्हा. साहेब म्हणाले, अरे, ही तर थाप झाली! धाकटा म्हणाला, थाप नाही साहेब, शब्द दिलाय. तो पाळायची जबाबदारी फोनची. त्या टिकच्या जोरावर त्याला पहिलं पेटंट मिळालं. आज जगभर लोक फोनवर काहीही लिहितात आणि लगेच टिक बघून निर्धास्त होतात, त्यात थोडा हात याचाही आहे. कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, म्हणून त्याने सांगायचं सोडलं.

दुसरं पेटंट जास्त डोकेफोडीचं. दोघांनी एकाच गोष्टीत बदल केला तर ठेवायचा कुणाचा? तोवर फोन माणसालाच विचारायचे, तुमचं ठेवू की समोरच्याचं? लोकांच्या डोक्याला ताप. कुणी वाचायचंही नाही, अंगठ्याखाली जे बटण येईल ते दाबून मोकळे. धाकट्याने ठरवलं, माणसाला विचारायचंच नाही. फोनने 'आता असं आहे' असं कळवायचं नाही, 'मी असं केलं' एवढंच कळवायचं. ज्याने जे जे केलं ते सगळं एकापाठोपाठ लावायचं. मग कुणाचंच काही वाया जात नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही. "वापरणाऱ्याला प्रश्न विचारायची वेळ आली, म्हणजे आपण कमी पडलो," असं तो भाषणात म्हणायचा आणि टाळ्या पडायच्या. कंपनीने ते वाक्य जिन्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं. खाली त्याचं नाव होतं, ते पुढे एकदा रंगकामात गेलं. वाक्य राहिलं.

प्रत्येक पेटंटमागे कंपनी एक काचेचा ठोकळा द्यायची. असे बरेच जमले. एक बेडरूमच्या दाराला अडकण म्हणून लागला. एक बायकोने उचलून नेला. ती फिजिओथेरपिस्ट, तिच्याकडे हाताची बोटं आखडलेले पेशंट यायचे, त्यांना मुठीत धरायला बरा पडत होता. "बघ, तुझ्या शोधाचा कुणाला तरी थेट उपयोग होतोय," ती म्हणाली. ती चिडवायची ते प्रेमाने, हे त्याला कळायचं. तरी त्या संध्याकाळी तो जेवताना जरा गप्पच होता.

आता कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती आणि त्यांच्याकडे त्यांचं स्वतःचं सिंक होतं. धाकट्याने इतकी वर्षं उभं केलेलं सगळं टप्प्याटप्प्याने बंद व्हायचं होतं. बंद करायचं कामही त्यालाच दिलं. आतल्या खाचाखोचा दुसऱ्या कुणाला माहीत होत्या? नव्या टीमची प्रमुख एक हुशार, गोड बोलणारी पोरगी होती. ती रोज त्याला समोर बसवून विचारायची, "सर, हे असं का केलंय?" आणि तो आठवायचा. कधी आठवायचं. कधी तो म्हणायचा, "तेव्हा तसं करणं बरोबर होतं," आणि ती समजूतदारपणे मान हलवायची. ती भांडली असती तर परवडलं असतं.

तर असा हा धाकटा, आणि त्याला एक थोरला भाऊ. थोरला कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर. दिवसाचे निम्मे तास जाड जॅकेट घालून बर्फाच्या खोल्यांमध्ये, जिथे रेंजचा पत्ता नाही. आणि दोघांचे बाबा. बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. जन्मभर मैदानावर शिट्टी फुंकली, निवृत्त झाले तरी शिट्टी सुटली नाही. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली असायची. रस्ता ओलांडताना ती फुंकायचे आणि हात आडवा करायचे. गाड्या थांबायच्या. न थांबून सांगतात कुणाला!

आई गेली आणि बाबांचं घर आवरलं. कुणी ठरवलं, कधी ठरलं, हे आता कुणालाच नीट आठवत नाही. थोरला शहराच्या एका टोकाला, धाकटा दुसऱ्या. मग एक महिना इकडे, एक महिना तिकडे. भांडण नाही, कुरबुर नाही, दोन्ही सुना मायेच्या. फक्त बाबांची बॅग कधी पूर्ण रिकामी झाली नाही. दोन्ही घरांत ती पलंगाखाली अर्धी उघडी पडलेली असायची आणि बाबा लागेल तसा एकेक शर्ट काढायचे.

कुठला महिना कुणाकडे, यासाठी धाकट्याने घरच्या सगळ्यांच्या फोनवर आपल्या कंपनीचंच कॅलेंडर टाकून दिलं होतं. त्यात दर महिन्याची एक ओळ. 'बाबा, दादाकडे.' 'बाबा, धाकट्याकडे.' कुणाची अडचण असेल तर दोन ओळींवर बोट ठेवून 'अदलाबदल' दाबायचं, की झालं. ते बटण धाकट्यानेच बसवलेलं. बायको आणि वहिनी, दोघींच्याही फोनवर ते कॅलेंडर होतं, पण त्या बघायच्या नाहीत. बाबांच्या फोनवर नव्हतं. त्यांना कशाला उगाच त्रास.

हे बंद करायचं काम चालू असतानाच झालं ते असं. बाबा पंधरवडाभर त्यांच्या बहिणीकडे गेले होते. ही आत्या बाबांहून मोठी, दीड तासावरच्या एका लहान गावात एकटी राहायची. बाबा तिथून परत येणार ते थोरल्याकडे, महिना त्याचा होता. पण थोरल्याच्या घरात गळती निघाली आणि बाबांच्याच खोलीची भिंत फोडावी लागली.

"हा महिना तू घेतोस का? पुढचा मी घेतो," थोरल्याने फोन केला.

"हो हो, काहीच प्रश्न नाही."

"मग कॅलेंडरात बदलून टाक. आणि स्टँडवर घ्यायला पण तूच जा."

"हो हो."

धाकट्याच्या या 'हो हो'चा घरात सगळ्यांना अनुभव होता. बायको म्हणायची, "तुझं हो म्हणजे तुझीच ती हिरवी टिक. दिसते लगेच, पोचते कधी ते देव जाणे." पण या वेळी त्याने खरंच केलं. गाडी लावायला ऑफिसच्या तळघरात उतरला होता, तिथल्या तिथे फोन काढला, दोन ओळी निवडल्या, अदलाबदल दाबलं. टिक आली. मनात म्हणाला, चला, एक काम हातावेगळं झालं.

ठरलेल्या दिवशी दुपारी तो त्या पोरीच्या मीटिंगमध्ये बसला होता. भिंतीवर त्याच्याच जुन्या कामाचा आराखडा लावलेला आणि पोरं त्यावर लाल फुल्या मारत होती. एवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. 'आज: बाबा, दादाकडे.'

दादाकडे? क्षणभर त्याला काही उमगेना. आपण बदललं होतं ना? मग वाटलं, दादाने परत फिरवलं असेल. भिंत लवकर झाली असेल. विचारावं का फोन करून? त्याने फोन हातात घेतलाही. तेवढ्यात ती म्हणाली, "सर, ही पायरी काढली तर काय तुटेल?" आणि त्याने फोन पालथा ठेवला.

आणि त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. स्टँडवर जायला नको, गर्दीत गाडी काढायला नको. जेवताना बाबांच्या मोठ्या आवाजातल्या बातम्या नकोत. 'आज दिवसभर काय केलंस' हा प्रश्न नको. या महिन्यात तो प्रश्न त्याला झेपलाच नसता. दिवसभर आपणच बांधलेलं आपण पाडतो, हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा बायको बाबांच्या पलंगावर धुतलेली चादर घालत होती.

"बाबा कुठायत?" तिने दाराकडे बघत विचारलं.

"दादाकडे. कॅलेंडरात बदललंय त्याने."

"असं म्हणाला?"

"फोनवर आलं ना तसं."

"फोनवर आलं ते कळलं. तू विचारलंस का त्याला?"

त्याने फोन खिशात घातला. तिने चादरीचं टोक तसंच सोडलं आणि वहिनीला फोन लावला. "बाबा पोचले ना गं नीट?" पलीकडचं बोलणं धाकट्याला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. बायकोचा चेहरा बघूनच त्याने गाडीची किल्ली उचलली.

दोघे भाऊ दोन टोकांकडून स्टँडवर पोचले. थोरल्याच्या अंगात अजून ते जाड जॅकेट होतं. फलाट रिकामे व्हायला लागले होते. दोघांनी दोन्ही बाजूंचे बाक पाहिले, पाणपोई पाहिली, मुतारीत डोकावून "बाबा!" म्हणून हाका मारल्या. बाबांचा फोन वाजत होता, पण कुणी उचलत नव्हतं. शेवटी चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला विचारलं.

"म्हातारेसे? ताठ? शिट्टीवाले?" तो म्हणाला. "होते की. दुपारपासून त्या बाकावर बसले होते. मागे येणाऱ्या बसच्या वाटेत एक पोरगं आलं, तर अशी शिट्टी ठोकली त्यांनी, ड्रायव्हरने जागच्या जागी ब्रेक दाबला. मी विचारलं, आजोबा, कुणी न्यायला येणारेय का? तर म्हणाले, येणार आहे, फक्त कोण ते ठरायचंय."

"मग?"

"मग काय, अंधार पडायला लागला तशी परतीची बस लागली. उठले, बॅग घेतली आणि चढले."

दोघे त्याच बाकावर बसले.

"तुझ्यावर सोपवायलाच नको होतं," थोरला म्हणाला.

"माझ्या फोनवर तुझं नाव होतं."

"मी फोन बघतो कुठे बर्फात! आणि माझ्या डोक्यात तुझं होतं! आपण बोललो होतो ना? तोंडाने बोललो होतो!"

"मला वाटलं, तू परत बदललंस."

"वाटलं तर फोन करायचा, गाढवा!"

इतक्या वर्षांनी थोरल्याने त्याला गाढव म्हटलं, आणि धाकट्याला ते अगदी योग्य वाटलं. एवढ्यात त्याचा फोन वाजला. आत्या.

"तुमचा बाप माझ्याकडे आलाय," आत्या म्हणाली. "धड आहे, काळजी करू नका. जेवतोय. काय झालं विचारलं, तर म्हणतो गाडी चुकली. अरे, गाडी चुकली तर माणूस पोचत नाही. हा परत कसा आला?"

"आत्या, त्यांना फोन दे ना."

"तो नको म्हणतोय," आत्या म्हणाली आणि जरा थांबून हळू आवाजात म्हणाली, "कुणीतरी या रे. फोनवर नका बोलू."

सकाळी धाकटा आधी ऑफिसला गेला. काय झालं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं, इतक्या वर्षांची सवय. कुणी कधी काय बदललं, ते सगळं आत नोंदलेलं असतं. त्याने आपल्या घरच्या कॅलेंडरची नोंद काढली आणि बघतच राहिला.

अदलाबदल एकदा नाही, दोनदा झाली होती. एक तळघरातून, त्याची. दुसरी कोल्ड स्टोरेजमधून, थोरल्याची. धाकट्याच्या 'हो हो'वर विसंबायला नको, म्हणून थोरल्यानेही स्वतः बटण दाबलं होतं. दोघांनाही रेंज नव्हती. दोघांनाही लगेच टिक दिसली. दोघांच्याही फोनवर त्या घटकेला 'धाकट्याकडे' असंच झालं. मग दोघेही उजेडात आले, रेंज आली, आणि यंत्राने दोघांचंही म्हणणं इमानदारीत पाळलं. एकदा अदलाबदल केली. मग पुन्हा अदलाबदल केली. ओळी होत्या तिथे परत आल्या.

नवी प्रमुख त्याच्या मागे येऊन उभी होती. त्याने न विचारताच तिला सगळं सांगून टाकलं, बाबा, स्टँड, परतीची बस, सगळं. का सांगितलं कोण जाणे. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"सर, यात कुठे बग नाहीये," ती पडद्यावरची नोंद वाचून म्हणाली. "तुम्ही लिहिलंय तसंच चाललंय."

"तेच तर."

"पुसायचं असतं तर काही झालं नसतं. दोघांनी पुसलं, दहा जणांनी पुसलं, तरी पुसलेलं पुसलेलंच राहतं. अदलाबदलीचं तसं नाही ना." मग चाचरत म्हणाली, "चाचण्या घेताना तुम्ही एकमेकांविरुद्ध बदल करणारी माणसं धरली होती. एकमेकांसाठी तेच काम दोघांनीही करून ठेवलं तर काय, हे धरलंच नव्हतं."

"तुमच्या नव्या सिस्टीममध्ये काय होतं असं झालं तर?"

"आम्ही विचारतो, सर. दोघांना विचारतो. लोक वैतागतात, पण विचारतो."

त्याने कॉम्प्युटर बंद केला. जिन्याने उतरताना भिंतीवरचं ते वाक्य आलंच समोर. तो त्याच्याकडे न बघता खाली गेला आणि आत्याच्या गावच्या बसमध्ये चढला. वाटभर त्याने मनाशी घोकून ठेवलं की चूक कशी झाली ते बाबांना नीट समजावायचं, हातापाया पडायचं आणि संध्याकाळी त्यांना घेऊनच परत यायचं. बाबा परत आले पाहिजेत, बाकी काही नको.

आत्याचं घर दोन खोल्यांचं. तो आत शिरला तेव्हा बहीण-भावाचं रेडिओवरून जुंपलेलं होतं. आत्याला आवाज लहान हवा होता, बाबांना मोठा.

"बहिरा झालायस तू!"

"मी नाही, तुझा रेडिओ मुका झालाय!"

धाकट्याला बघून दोघे गप्प झाले. आत्या "चहा टाकते" म्हणून आत गेली आणि जाताना रेडिओ बंद करून गेली.

धाकट्याने समजावलं. टिक समजावली, रेंज समजावली, दोन अदलाबदली समजावल्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, वर्गातल्या पोराची सबब ऐकावी तसं.

"म्हणजे दोघांनीही केलं," ते म्हणाले.

"हो बाबा. दोघांनीही. म्हणूनच—"

"चांगली गोष्ट आहे. मला वाटलं होतं, कुणीच केलं नाही."

धाकटा पुढे सरकला. "पण बाबा, तुमच्याकडे फोन होता ना. एक फोन करायचा होता. मी धावत आलो असतो."

"कुणाला करू?" बाबा म्हणाले. "थोरल्याला केला आणि महिना तुझा असला, तर तुला वाटणार, माझ्यावर भरवसा नाही. तुला केला आणि महिना त्याचा असला, तर तू दादाला बोलणार. मला तर माहीतच नव्हतं मी कुणाकडे चाललोय. तुमच्या फोनात असतं ते, माझ्या नाही." त्यांनी शिट्टी बोटांत फिरवली. "बाकावर बसून फाटकाकडे बघत होतो, कुठल्या बाजूने कोण येतंय. शाळेत हजेरी घेताना मी पोरांना असंच ताटकळत ठेवायचो. तेव्हा कळत नव्हतं, नाव पुकारेपर्यंत पोराला काय होतं ते."

मग बाबाच म्हणाले, "फोनवर दादाचं नाव बघितलंस, तेव्हा बरं वाटलं ना?"

हा प्रश्न त्याने घोकलेल्यात नव्हता. नाही म्हणायची फार इच्छा झाली.

"हो," तो म्हणाला.

"वाटतं. मी काही ओरडत नाही तुला. दमतो माणूस. पालकसभा रद्द झाली की मलाही वाटायचं." बाबा जरासे हसले. "फक्त ज्याच्यामुळे बरं वाटतं, त्याला ते कळलं की मग तो तिथे राहू शकत नाही. एवढंच."

आत्या चहा घेऊन आली तेव्हा धाकट्याची नजर सहज वर गेली. कपाटावर बाबांची बॅग होती. उभी नाही, आडवी, चपटी. चेनसुद्धा लावलेली. खाली दोरीवर बाबांचे सगळे शर्ट ओळीने टांगलेले होते. ती बॅग रिकामी बघायची त्याची ही पहिलीच वेळ.

तेव्हा त्याला उमगलं, आपण समजावायला आलो. विचारायचं राहूनच गेलं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला कुठे राहायचंय?"

बाबांनी कप खाली ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पूर्वी एवढा वेळ पडद्यावर चक्र फिरत राहिलं असतं, तर धाकट्याने त्यावर उपाय शोधला असता. आता तो हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला.

"परवा हिने विचारलं, इथे राहतोस का," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, पोरांना विचारून सांगतो. तेच विचारायला येत होतो काल. ठरवलं होतं, जो न्यायला येईल त्याला आधी विचारायचं. आणि खरं सांगू, मला वाटत होतं, तो नको म्हणेल. म्हणेल, बाबा, वेडबिड लागलंय का, चला घरी."

"मग मी आत्ता म्हणतो! चला घरी, बाबा."

"आत्ता नको म्हणूस," बाबा अगदी मऊ आवाजात म्हणाले. "काल म्हणायचं होतं."

आत्या पदराने डोळे पुसत आत निघून गेली. ती रडवी नव्हती, तरी.

परतीच्या बसला सोडायला बाबा थांब्यापर्यंत आले. हातात बॅग नव्हती, फक्त किल्ल्या. बस वळणावर दिसली तशी त्यांनी शिट्टी फुंकली आणि हात आडवा केला. ड्रायव्हर दचकून थांबला.

"दादाला सांग, भिंत नीट वाळू दे, लगेच रंग देऊ नको म्हणावं," बाबा म्हणाले. "आणि परत येशील तेव्हा आधी फोन कर. मी असेन, नसेन."

"कुठे जाणार तुम्ही, बाबा?"

"ते तू विचारशील तेव्हा सांगेन. चढ आता."

तो खिडकीशी बसला. बस हलली तरी बाबा ताठ उभे होते, मैदानावर असायचे तसे. 'विश्राम' म्हणायला कुणीतरी हवं होतं, पण ते म्हणणारे तेच होते.

गाव मागे पडल्यावर त्याने फोन काढला. कॅलेंडरात पुढचे महिने एकाखाली एक उभे होते. बाबा, दादाकडे. बाबा, धाकट्याकडे. बाबा, दादाकडे. वर्षभराच्या ओळी भरून ठेवल्या होत्या त्याने, मोठ्या हौसेने. आता त्या ठेवण्यात काय अर्थ होता? त्याने सगळ्यांवर बोट फिरवलं आणि पुसून टाकल्या. हिरवी टिक आली. रेंज नव्हती. तो त्या टिककडे बघत बसला, ती खरी होण्याची वाट बघत.

शहर जवळ आलं तशी रेंज आली आणि लगोलग थोरल्याचा फोन आला. आत्याशी त्याचं बोलणं झालं होतं. त्याचा आवाज बसलेला होता.

"कळलं मला," थोरला म्हणाला. "म्हणून मी कॅलेंडरातून बाबांच्या ओळी काढून टाकल्या. बघून कसंतरी होत होतं. तू पुन्हा काही करू नकोस, नाहीतर दोनदा होईल आणि परत सगळं पहिल्यासारखं यायचं."

"मीही काढल्यात, दादा," धाकटा म्हणाला.

"अरे देवा! मग आता?"

"काही होत नाही. पुसलेलं दोनदा पुसलं तरी पहिल्यासारखं होत नाही."

दोघांनीही फोन ठेवला नाही. बस स्टँडच्या फाटकातून आत वळली आणि कालचा तो बाक खिडकीतून दिसला. त्यावर कुणी बसलेलं नव्हतं.